पाळणा, साखळीसह

आमच्याकडे चैत्रात गौर बसे. चैत्र शुद्ध तृतीयेला बसायची आणि अक्षय्य तृतीयेला उठायची, म्हणजे महिनाभर. नेरूळच्या आमच्या घराची पुढची खोली दहा फूट बाय बारा फूट. तिच्यातला साडेतीन फूट रुंद आणि अडीच फूट खोल असा खिडकीजवळचा कोपरा त्या महिन्यात गौरीचा असे आणि माझी खुर्ची तेवढे दिवस दाराजवळ सरके. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. पण कोपऱ्यात काय काय मांडलेलं असतं, असं कुणी विचारलं असतं, तर खुर्ची किती सरकते एवढंच मी सांगू शकलो असतो.

मांडायची माझी बायको. खाली लोखंडी ट्रंक, तिच्यावर लाकडी खोकं, खोक्यावर पाट, अशा तीन पायऱ्या. त्यांच्यावर धुतलेली पांढरी साडी. सगळ्यात वर वीतभर उंचीचा पितळी पाळणा आणि पाळण्यात देवघरातली अन्नपूर्णा, म्हणजे त्या महिन्यापुरती गौर. खालच्या पायऱ्यांवर जुन्या वस्तू: पितळी भातुकली, चाकांचा हत्ती, मोराची झाकणं असलेली करंडी, निरंजनं. थोडं तिच्या माहेरून आलेलं, बाकीचं तिनं गोळा केलेलं. जुन्या पनवेलमध्ये भांड्यांचं एक दुकान होतं. लोक तिथे जुनं पितळ मोडीत द्यायचे आणि स्टीलची नवी भांडी घेऊन जायचे. दुकानाच्या मागच्या बाजूला मोडीचा ढीग असे. बायको वर्षातून एकदा तिथे जाऊन त्या ढिगातून एखादी वस्तू निवडून आणायची, चिंच लावून घासायची आणि चैत्रात पायरीवर ठेवायची.

पाळणा मात्र तिच्या आईचा. त्याच्या चार साखळ्यांपैकी खिडकीच्या बाजूची पुढची साखळी दोन कड्यांनी आखूड होती. त्यामुळे गौर स्वयंपाकघराकडे कलून बसे. दर वर्षी मी म्हणायचो, "दोन कड्या घालून देतो. सरळ होईल." दर वर्षी ती म्हणायची, "नको. तिचं लक्ष ओट्याकडे आहे, असू दे."

ती माघात गेली. सदतीस दिवस दवाखान्यात होती. वर्षभर सण करायचे नव्हते, म्हणून त्या चैत्रात खुर्ची जागेवरच राहिली.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. तिथे आमचा नियम असा होता की, जी वस्तू बारा महिन्यांत एकदाही बाहेर निघाली नाही तिची यादी करायची, वजन करायचं आणि ती भंगारात काढायची. श्रावणातल्या एका रविवारी मी पलंगाखालची ट्रंक ओढली. आतल्या वस्तू आत जाऊन पंधरा महिने झाले होते. मला राग आलेला नव्हता. रडूही येत नव्हतं. रविवार होता आणि जेवणानंतर करायला काही नव्हतं.

खालच्या वाण्याकडून तराजू आणि वजनं आणली. फुलस्केप कागदावर चार रकाने आखले: अनुक्रमांक, वस्तू, वजन, शेरा. एकेचाळीस नोंदी झाल्या. एकूण भरलं अकरा किलो चारशे ग्रॅम. शेऱ्याचा रकाना रिकामाच राहिला. शेरा मारण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

दोन पिशव्या घेऊन जिना उतरताना समोरच्या वहिनी भेटल्या. आमची दारं समोरासमोर, आणि बायकोची त्यांच्याशी मैत्री होती.

"भाऊ, वजनदार दिसतंय. काय नेताय?"

"मोड. पितळ आहे."

"पोरीला विचारलंत?"

"तिच्या घरी जागा कुठे आहे?"

"जागेचं कुठे विचारतेय मी," त्या म्हणाल्या आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या, मला उतरता यावं म्हणून.

पनवेलच्या दुकानात मला स्टीलचे सहा डबे मिळाले, एकात एक बसणारे, झाकणांसकट. दुकानाच्या काट्यावर माझ्या वजनात फक्त वीस ग्रॅमचा फरक आला. त्याचं मला समाधान वाटलं होतं. त्या अख्ख्या वर्षात समाधान वाटल्याचं मला एवढंच आठवतं.

वर्षश्राद्ध झालं. फाल्गुनात एका रविवारी मुलगी आली. ती कोपरखैरण्याला राहते. लग्न तिनं स्वतः जमवलेलं; सासरचे साताऱ्याकडचे, सासरे वाशीच्या मार्केटात. त्यांच्यात चैत्रगौर नसते. चहा पिता पिता ती म्हणाली, "बाबा, या चैत्रात गौर बसवू या. तृतीयेला मी रजा घेते. महिनाभर इथे बसवू आणि उठवली की पाळणा मी घेऊन जाईन. पुढच्या वर्षापासून माझ्याकडे. सासूबाईंना विचारलंय."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आमच्यात नाय, पण बसव तू. डाळ तेवढी मला जादा काढून ठेव." ती हसली. मग म्हणाली, "आईनं तो मला दिलाय ना. तुमच्यासमोरच सांगितलं होतं, दवाखान्यात."

मी समोर होतो हे खरं आहे. खाट खिडकीजवळची होती. सलाइनचे थेंब मिनिटाला बावीस पडत होते. लक्ष ठेवा, असं नर्सनं सांगितलं होतं, म्हणून मी मनगटावरच्या घड्याळात बघून मोजत होतो. मायलेकी काहीतरी बोलत होत्या. बावीसचे चोवीस झाले तेव्हा मी उठून नर्सला बोलावलं. त्या दुपारचं माझ्याकडे एवढंच आहे.

मुलीला मी म्हणालो, "बरं. मी सगळं मांडून ठेवतो. तू फक्त ये."

ती गेल्यावर कॅलेंडर बघितलं. तृतीयेला सव्वीस दिवस होते. त्यात रविवार तीन. पाळणा परत मिळवायचा, नाहीतर दुसरा असा मिळवायचा की तिला फरक कळणार नाही. सांगून टाकावं हा विचार माझ्या मनात आलाच नाही. स्टोअर्समध्ये एखादी वस्तू चुकून गेली तर आधी त्याच मापाची दुसरी आणून जागा भरतात.

पहिल्या रविवारी पनवेल.

"श्रावणातली मोड?" दुकानदार म्हणाला. "ती भट्टीत गेली, साहेब. पंधरा दिवसांनी गाडी जाते."

"पाळणा होता. साखळीसकट."

"असेल. पाळणा काय, देवसुद्धा येतात मोडीत. भट्टीत गेलं की सगळं पितळच."

मागचा ढीग बघू का, असं मी विचारलं.

"बघा की. तुमच्या मिसेस यायच्या ना, तास तास बसायच्या इथं. तेव्हाच तुम्हाला ओळखायला लागलो, एकदा न्यायला आला होतात. तुम्ही मोड घेऊन आलात तेव्हा मला वाटलं, बाईंनीच पाठवली. म्हटलं, इतकं वेचून नेलं आणि परत कशी काय आणली? कशा आहेत?"

मी सांगितलं. त्यानं एक स्टूल आणून ढिगाशेजारी ठेवलं. ती त्यावरच बसत असे का, हे मी विचारलं नाही.

दहा ते एक मी ढीग उपसला. नऊ वस्तू निवडल्या. एक चाकांचा हत्ती मिळाला, पण आमच्यापेक्षा अर्ध्या इंचानं बुटका. भातुकलीतला एक बंब, एक पातेली, दोन निरंजनं. चार भांड्यांवर नावं कोरलेली होती, कुणाच्या लग्नात कुणी दिलं त्यांची. ती घासून जाण्यासारखी नव्हती. पाळणा नव्हता.

आमच्या स्टोअर्समधला एक सहकारी बोनकोड्याचा होता. त्यानं सांगितलं की, जुनं घर पाडून तीन मजली बांधल्यापासून त्यांची पितळेची भांडी पोटमाळ्यावर पडून आहेत, आईला विचारा. दुसऱ्या रविवारी गेलो. त्याच्या आईनं मला गॅलरीत बसवलं आणि एक गोणी उलटी केली. त्यात पाळणा होता.

"अष्टमीचा पालना हाय तो," ती म्हणाली. "आता पोरांना नको हाय. न्या तुमी."

मी खिशातली टेप काढली. उंची साडेआठ इंच. आमचा नऊ असावा, असा माझा अंदाज होता. यादीत वजन होतं, पण उंची मी लिहिलेली नव्हती.

"टेप कशाला? देव काय मापान बसते?"

"आधीच्याशी जुळतो का ते बघतोय."

"आदीचा कुटं गेला?"

"मोडीत दिला."

"नि घरवाली काय बोलली?"

"ती नाही आता."

"मंग पुसून न्या," ती म्हणाली आणि पदराच्या टोकानं स्वतःच पाळणा पुसायला लागली. घ्यायला काही तयार होईना. शेवटी चैत्रातली डाळ पाठवीन, असं मी म्हणालो. "पाटवा," ती म्हणाली.

त्या पाळण्याची एक साखळी तुटलेली होती. पितळी तार घेऊन मी नव्या कड्या वळल्या. चारही साखळ्या मोजून सारख्या केल्या, प्रत्येकी सव्वीस कड्या. तिसऱ्या रविवारी आराशीची तालीम केली. ट्रंक, खोकं, पाट. शेजारच्या प्लॉटवर इमारत चढत होती, तिथल्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि पाळण्याच्या बैठकीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध आला.

समोरच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पांढरी साडी खालच्या कप्प्यात असते," त्या म्हणाल्या. "आणि हत्तीचं तोंड आत. बाहेर नाही. बाहेर केलं तर जायला निघाल्यासारखा दिसतो, असं म्हणायची ती."

मी हत्ती वळवला.

"वहिनी, तिला काही सांगू नका."

"मी कशाला सांगू? पण भाऊ, हे पाणसळबिणसळ लावून उपयोग नाही. पोर नुसती तुमची नाही, तिचीपण आहे. तिला दिसणार."

तृतीयेला मुलगी सकाळी नऊ वाजता आली. एका पिशवीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दुसरीत कैऱ्या. चपला काढतानाच तिनं कोपऱ्याकडे बघितलं.

"किती छान मांडलंत, बाबा."

मग हातपाय धुऊन आली, देवघरातली अन्नपूर्णा घेतली, पाळण्यात ठेवली आणि हलका झोका दिला. पाळणा हलत होता तोवर ती बघत उभी राहिली. थांबल्यावरही बघत राहिली.

"सरळ बसली," ती म्हणाली.

"हो. पाणसळ लावून बघितलंय."

हे बोललो आणि काय बोललो ते कळलं. ती खाली बसली. मधल्या पायरीवरची पातेली उचलून तिनं कोरलेलं नाव वाचलं. आमच्या कुणाचं नव्हतं.

"ह्या कोण?"

"माहीत नाही."

"आपला पाळणा कुठे आहे?"

"मोडीत दिला. श्रावणात."

"आणि बाकीचं?"

"तेही. एकूण एकेचाळीस वस्तू. यादी आहे."

"यादी केलीत?"

"हो."

"बघू."

मी कपाटातून फाइल काढून कागद दिला. ती बोट फिरवत वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली. "अठरा. पाळणा, साखळीसह. एक किलो दोनशे चाळीस." माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "वजन तुम्ही केलंत?"

"हो."

"हातात घेऊन?"

"तराजूत ठेवायचा तर हातात घ्यावाच लागतो."

"काही वाटलं नाही?"

मी आठवून बघितलं. निदान आता तरी खरं सांगायचं होतं. "एक साखळी पारड्याबाहेर लोंबत होती. ती उचलून आत घेतली. एवढं आठवतं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. पाच वाजता बायका हळदीकुंकवाला यायच्या होत्या, काम थांबवून चालणार नव्हतं. कैरी किसल्याचा आवाज आला. डाळ वाटल्याचा आला. मग डब्यांची झाकणं उघडल्याचा.

"मोहरी कुठल्या डब्यात?"

"दुसऱ्या."

"हेच डबे मिळाले का त्याचे?"

"हो."

तेल तापलं, मोहरी तडतडली. मी खुर्चीत बसून होतो. खुर्ची दाराजवळ होती, दर चैत्रात असायची तिथे. अंगठ्याला तारेच्या कडीचा ओरखडा होता, आठवड्यापूर्वीचा. तो दाबून बघितला. दुखत होतं, पण दुसऱ्या कुणाचं तरी दुखावं तसं.

नैवेद्याची वाटी गौरीपुढे ठेवून ती परत खाली बसली आणि कागद पुढ्यात ओढला.

"शेऱ्याचा रकाना रिकामा का?"

"लिहिण्यासारखं काही नव्हतं."

"पेन घ्या," ती म्हणाली. "मी सांगते."

मी पेन घेतलं. कागदाखाली फाइल धरली.

"एक. हत्ती. दुसरीत असताना मी त्याचं मागचं चाक तोडलं. आईनं लाखेनं बसवलं, मग ते फिरायचं नाही. लिहा."

मी लिहिलं. तिनं वाकून बघितलं. "'मागील चाक बंद.' एवढंच?"

"रकाना दीड इंचाचा आहे."

ती हसली नाही, पण तोंड जरा सैल झालं. "बरं. दोन. करंडी. हिच्यात आजीच्या बांगडीचा तुकडा असायचा. तीन. हे निरंजन गळकं होतं, खाली नेहमी पुठ्ठा. आणि सहा नंबरची वस्तू तिनं पनवेलहून आणली तेव्हा तुम्ही म्हणालात, आणखी किती भंगार आणणार?"

"तेही लिहू?"

"लिहा."

लिहिलं. नववी वस्तू तिला आठवेना. "'डबी, लहान'. कसली डबी? तुम्ही हातात घेतली होती ना, काय होतं तिच्यावर?" मला सांगता आलं नाही. वजन होतं: पंचेचाळीस ग्रॅम. ती ओळ कोरी सोडली. अठरावर आलो तेव्हा तिनं ओळीवर बोट ठेवलं.

"लिहा, ओट्याकडे कलता."

मी लिहिलं.

"तुम्हाला माहीत होतं हे?"

"दर वर्षी मी सरळ करून देतो म्हणायचो."

"मग हासुद्धा कलता का नाही केलात? मला फसवायचंच होतं, तर नीट तरी फसवायचं."

मला वाटलं सरळच हवा, असं मी सांगितलं. ती पाळण्याकडे बघत राहिली. दोन कड्या काढून देऊ का, पक्कड आहे, असं मी विचारलं.

"नको. हा वेगळा आहे. कुणाचा आहे हा?"

मी बोनकोड्याचं सगळं सांगितलं, टेपसकट. ती ऐकत होती. "माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे ती आजी," ती म्हणाली. "डाळ मी नेऊन देते. तुम्ही वजन करत बसाल."

पाच वाजता बायका आल्या. डाळ वाटली, पन्हं दिलं, ओल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. मी आतल्या खोलीत होतो. समोरच्या वहिनींनी सगळ्यांदेखत यादी मागून घेतली आणि सात ओळींचे शेरे त्यांनी सांगितले. आमच्या घरातल्या वस्तूंबद्दल मुलीलाही माहीत नसलेले. संध्याकाळी मोजलं: एकोणतीस मुलीचे, सात वहिनींचे, पाच कोऱ्या. माझा एकही नव्हता.

महिन्यानं, अक्षय्य तृतीयेला गौर उठली. अन्नपूर्णा देवघरात परत गेली. मुलीकडे तिची लग्नात दिलेली अन्नपूर्णा आहेच. पाळणा तिनं जुन्या साडीत गुंडाळला, सरळ होता तसाच. मग यादी मागितली.

"ही मला हवी. आईच्या सगळ्या वस्तू एवढ्या एकाच ठिकाणी आहेत."

"नक्कल करून ठेवतो, मग ने."

"करा. मी चहा टाकते."

मी नवीन कागद घेतला, रकाने आखले. शेऱ्याचा रकाना या वेळी तीन इंच ठेवला. क्रमानं उतरवत गेलो. अठराव्या ओळीत वस्तू लिहिली, वजन लिहिलं आणि 'ओट्याकडे कलता' या शेऱ्याशी पेन थांबलं. किती वेळ थांबलं ते मी घड्याळात बघितलं नाही. आतून तिनं दोनदा विचारलं, "झालं का, बाबा?" चहा निवला असावा, कारण तिनं तो पुन्हा गरम केल्याचा आवाज आला.

मग तो शेरा लिहिला आणि उरलेल्या तेवीस ओळी उतरवल्या.